फ्लोरामावशींचं दुसरं दार

फ्लोरामावशी कुठल्याही हॉटेलात शिरल्या की मेन्यू हातात घ्यायच्या आधी विचारायच्या, "दुसरं दार कुठंय?" वेटरला नाही, मला. मी इथे अमेरिकेत, आयसेलिनमध्ये इतकी वर्षं राहते, ओक ट्री रोडवरच्या कुठल्या हॉटेलात सांबार आंबट असतं आणि कुठली पुरणपोळी फ्रोझन असते हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, पण या सगळ्या हॉटेलांना दुसरं दार असतं हे मावशी भेटेपर्यंत माझ्या गावीही नव्हतं. ते बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघरातून, तेलाच्या डब्यांना वळसा घालून मागच्या पार्किंगमध्ये निघतं. मावशी मान वळवून तिकडे एकदा बघून घ्यायच्या आणि मग निवांतपणे म्हणायच्या, "हं, आता डोसा सांग."

मला वाटायचं, ही मास्तरकी. शाळेत आगीच्या वेळी मुलांना रांगेत बाहेर काढायची सवय असलेल्या बाईंचं असं होत असेल. मुंबईच्या एका मराठी शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं होतं. नवरा गेल्यावर त्या मुलीकडे अमेरिकेत आल्या. पुढे मुलीची नोकरी टेक्सासला, प्लेनोला गेली. मावशी काही गेल्या नाहीत. "तिथं म्हणे दूध आणायला पण हायवेवर चढावं लागतं. इथं मी चालत जाऊन कढीलिंब आणते," असं म्हणून त्या आमच्या बिल्डिंगमध्ये, बरोबर माझ्या खालच्या मजल्यावर एकट्या राहिल्या. मूर्ती लहान. इस्त्रीची सुती साडी, त्यावर जावयाचा जुना स्वेटर, पायात पांढरे बूट आणि खांद्यावरून तिरकी घेतलेली पर्स. या अवतारात त्या रस्त्याने इतक्या झपाझप चालायच्या की मला बरोबर चालताना बोलायचं सोडून द्यावं लागायचं.

दर रविवारी सकाळी आमची मराठी शाळा भरते. तिथे मावशी मुलांना मराठीतून गणित शिकवायच्या. मुलं इंग्रजीतून उत्तरं द्यायची. "मावशी, आय गॉट द आन्सर!" असं कुणी ओरडलं की मावशी चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "उत्तर नको. पायऱ्या दाखव." हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं. भेंडी कुजकी निघाली म्हणून मी दुकानदाराला शिव्या घातल्या तरी त्या म्हणणार, "पायऱ्या दाखव. निवडून घेतलीस का? पिशवी फ्रिजमध्ये ठेवलीस का?" सरळव्याज शिकवताना त्यांच्या उदाहरणात कायम कुणीतरी रमाबाई असायच्या आणि त्या कायम पोस्टात पैसे ठेवायच्या. अमेरिकेतल्या मुलांना पोस्टात पैसे का ठेवायचे हेच कळायचं नाही. माझ्या शाळेतल्या पुस्तकात सावकार असायचा. मावशींच्या गणितात सावकार कधी आला नाही, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर लागला.

शनिवारी मात्र मावशी नसायच्या. म्हणजे असायच्या घरातच, पण फोन उचलायच्या नाहीत, गाडीत बसायच्या नाहीत, कुठल्या कार्यक्रमाला यायच्या नाहीत. त्यात बाहेर खायच्या ते निव्वळ शाकाहारी. आमच्या मराठी मंडळातल्या बायकांनी यावरून परस्पर निकाल लावून टाकला, की फ्लोरा थळकर मावशींचा शनिवारचा कडक उपास असतो, मारुतीचा, आणि मौनही असतं. फ्लोरा या नावाचा खुलासाही तयार होता. जुन्या मुंबईत असली नावं ठेवायचेच, डॉली काय, बेबी काय. एका काकूंनी तर दर शनिवारी त्यांच्या दाराशी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा ठेवायला सुरुवात केली. आमचा कट्टा, म्हणजे महिन्यातून एकदा भरणारा गप्पांचा आणि भाषणांचा कार्यक्रम, शनिवारचा रविवारी हलवला तो केवळ मावशींच्या उपासासाठी. मावशींनी यातलं काहीही खोडून काढलं नाही. "खिचडी चांगली असते," एवढंच म्हणायच्या.

मला कळलं ते एका शुक्रवारी संध्याकाळी. त्यांनी मागितलेली कोथिंबीर द्यायला खाली गेले, तर टेबलावर पांढरी चादर अंथरलेली, दोन मेणबत्त्या लावलेल्या आणि मावशी डोक्यावर पदर घेऊन उभ्या. चौकटीला आतल्या बाजूने बोटभर लांबीची एक पितळी पट्टी तिरकी ठोकलेली होती. माझी नजर तिथे गेलेली त्यांनी बघितली.

"आम्ही ज्यू, वैशाली. बेने इस्रायल. कोकणातले. ही पट्टी, आत प्रार्थनेचा कागद असतो, ती खरं तर दाराबाहेर लावतात. इथं आल्यावर काही वर्षं बाहेरच होती. मग मी आत घेतली."

"का?"

"बाहेरून दिसते ना." कोथिंबिरीची जुडी हुंगत त्या पुढे म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस असं नाही. पण सांगूही नकोस."

एका रविवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, त्यांना त्यांच्या प्रार्थनाघराकडे सोडायला गेले. त्या दिवशी प्रार्थना नव्हती, कसलासा क्लास होता. दारापुढे पोलिसांची गाडी उभी. बंदूकवाला धिप्पाड पहारेकरी प्रत्येकाची पिशवी उघडून बघत होता. मावशींनी त्याला पर्समधून करंज्यांची पुडी काढून दिली. तोही सवयीने घेतल्यासारखी घेऊन "थँक यू, मिस फ्लोरा," म्हणाला. आमच्या देवळात मला कुणी अडवलंच तर चपला कुठे ठेवल्या म्हणून अडवतं. मी गाडीतच बसून राहिले आणि खरं सांगते, त्या रिकाम्या रस्त्यावर माझं लक्ष येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे होतं.

मावशी बाहेर आल्या त्या हसत. "अगं, कुणी बंदूक घेऊन आत शिरलं तर काय करायचं त्याचा क्लास. फोनचा आवाज बंद करायचा, दिवे घालवायचे, दुसऱ्या दाराने पळायचं. पळता येत नसेल तर टेबलाखाली बसायचं. आम्ही सगळे म्हातारे बसलो टेबलाखाली. बसता आलं, पण उठता येईना. क्लास घेणाऱ्या पोलिसाने एकेकाला हात धरून काढलं." सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं.  दुसरं दार ही मास्तरकी नव्हती, हे मला तिथे कळलं, आणि त्यानंतर मीही हॉटेलात शिरले की मागे बघायला लागले.

आता अभयबद्दल सांगायला हवं. अभय पुण्याचा, एका मोठ्या बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा, आणि आमच्या मंडळातला सगळ्यात कामाचा माणूस. कुणाचे आईवडील भारतातून यायचे असोत, कुणाचा सोफा हलवायचा असो, अभयची मोठी गाडी हजर. मावशी गाडी चालवत नसत, तर त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं काम त्याने आपणहून घेतलं होतं. त्या पुढच्या सीटवर बसायच्या, त्याच्याशी गप्पा मारायच्या, त्याच्या छोट्या मुलीची खुशाली विचारायच्या. त्याला वाईट माणूस म्हणून दाखवता आलं असतं तर मला हे लिहायला फार सोपं गेलं असतं.

त्या महिन्याच्या कट्ट्यावर अभयचं भाषण होतं, "व्याजाची गोष्ट". हॉल म्हणजे साडीच्या दुकानाच्या वरचा मजला. मावशी नेहमीप्रमाणे मागच्या जिन्याच्या दाराजवळ, रांगेच्या टोकाला बसल्या होत्या. अभय बोलतो छान. हुंडी, पेढ्या, पठाण असं करत करत तो युरोपात पोचला. तिथल्या चर्चने व्याज घेणं पाप ठरवलं, मग तो धंदा ज्यू लोकांनी उचलला, असं म्हणाला. आणि पुढे, हसून, "तेव्हापासून जगाच्या तिजोरीची किल्ली कुणाच्या कनवटीला आहे ते तुम्हाला माहीतच आहे. आता आपलीच माणसं आहेत म्हणून दाखवतो हं. ऑफिसात दाखवलं तर नोकरी जाईल, यार."

पडद्यावर एक चित्र आलं. लांब वाकड्या नाकाचा, हात चोळणारा एक माणूस पृथ्वीच्या गोळ्यावर बसलेला. हॉलमध्ये हशा पिकला. फार मोठा नाही, चहाच्या आधी पिकतो तेवढाच.  मी मान वळवून मावशींकडे बघितलं. मावशी हसत होत्या.

चहा सुरू झाला तेव्हा त्या जागेवर नव्हत्या. मागचा जिना उतरून गेल्या होत्या. मी धावत खाली गेले तर पार्किंगमध्ये माझ्या गाडीला टेकून उभ्या. मी त्यांना घरी आणलं. त्यांच्या घरात शिरल्यावर त्यांनी दाराच्या दोन्ही कड्या लावल्या, त्या चौकटीवरच्या पट्टीला बोटं लावली आणि खुर्चीत बसल्या.

"मी हसले गं," त्या म्हणाल्या.

"मावशी, तुम्ही घाबरलात म्हणून..."

"सगळे हसले, मी पण हसले. कुणी ठरवून हसतं का? ते चित्र बघून मी हसले. माझा बाप असा हसायचा, कुणी काही बोललं की. मला राग यायचा त्याचा."  मी चहा ठेवला. भाषणाचं रेकॉर्डिंग झालंय, ते मंडळाच्या ग्रुपवर जाईल आणि त्यात आपला हसरा चेहरा दिसेल, हे त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

मला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. त्यांनी मला मागे एकदा सांगितलं होतं, की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले आणि पिढ्यान्पिढ्या तेलाचे घाणे चालवत राहिले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. ते आठवून मी म्हटलं, "त्याला सांगू या ना, तुम्ही तर तेली होता. तुमच्या घरात कुणी सावकार नव्हताच."

मावशींनी कप खाली ठेवला. "आणि असता तर? आम्ही तेली, आम्हाला सोडा, असं म्हणू? मग जे तेली नव्हते त्यांना धरा, असं झालं ना ते." गणित चुकलेल्या मुलाकडे बघावं तसं त्या माझ्याकडे बघत होत्या. "पायऱ्या नीट मांड, वैशाली."

मला वाटलं, आता त्या कट्टा सोडतील. शाळाही सोडतील. पण त्यांनी ठरवलं होतं ते वेगळंच. अभयला सांगायचं, आणि रेकॉर्डिंग ग्रुपवर जाण्याआधी सांगायचं. पुढच्याच आठवड्यात तो त्यांना डोळ्यांच्या तपासणीला नेणार होता. "तू मागे बस," त्या मला म्हणाल्या. "आणि मी येताना सांगेन. तपासायला थेंब घालतात ना, त्यानंतर मला तासभर धड दिसत नाही. त्याचा चेहरा दिसला तर माझ्याने बोलवणार नाही."

आणि तसंच झालं. डॉक्टरकडून निघालो तेव्हा मावशींच्या डोळ्यांवर तिथे देतात तो प्लॅस्टिकचा काळा चष्मा होता. पर्स दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट धरलेली.

"अभय, एक सांगायचंय. गाडी थांबवू नकोस, चालव."

"बोला ना, मावशी."

"तू ज्यांचं चित्र दाखवलंस ना कट्ट्यावर, त्यांच्यातली मी. ज्यू. आईबाप, नवरा, सगळे. शनिवारी माझा उपास नसतो, तो आमचा विश्रांतीचा वार."

"पण तुम्ही... थळकर ना?"

"अलिबागजवळच्या थळचे म्हणून थळकर. ऐक. तू त्या दिवशी नुसतं उत्तर लिहिलंस, पायऱ्या खाल्ल्यास. युरोपात त्यांना जमीन घेऊ दिली नाही, कारागिरांच्या संघात घेतलं नाही. मग आपल्याला पाप नको म्हणून व्याजाचं काम त्यांच्यातल्या थोड्यांच्या गळ्यात घातलं. राजाने त्यांच्याकडून पैसा उकळला, आणि उकळून झाला की गावाबाहेर हाकललं. बाकीचे सगळे शिंपी, फेरीवाले, हमाल. व्याज खाणारे दुसरेही ढीगभर होते, चर्चला जाणारे. त्यांच्या नाकाचं चित्र कुणी काढलं नाही. आणि ही किल्लीबिल्ली कुणाच्याच कनवटीला नाही. तू बँकेत काम करतोस, तुला दिसली का कधी?"

 मागून मला अभयचे कान लाल झालेले दिसत होते.

"मावशी, आय ॲम सो सॉरी. सीरियसली. माझ्या डोक्यातच आलं नाही," तो म्हणाला.  "पण मी तुमच्याबद्दल बोलत नव्हतो हो. तुम्ही तशा नाही. तुम्ही आपल्या आहात."

मावशींनी काळ्या चष्म्याआडून डोळे बारीक करून रस्त्याकडे बघितलं. म्हणाल्या, "वळण जाईल तुझं. डावीकडे घे."

घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या, "चित्र बघून नव्हती वाटली तेवढी भीती आज वाटली. तुम्ही आपल्या, हे ठरवणार तो. उद्या त्याला तसं वाटलं नाही तर?"

अभयने ते चित्र रेकॉर्डिंगमधून कापलं. पण व्हिडिओ ग्रुपवर टाकताना त्याने मोठ्या मनाने वर लिहिलं, "आपल्या लाडक्या फ्लोरामावशी ज्यू आहेत हे कितीजणांना माहीत होतं? त्यांचा मान राखून तेवढा भाग काढला आहे." ग्रुपवर तीनेकशे माणसं. हात जोडलेल्या इमोजींची, फुलांची रांग लागली. खिचडीवाल्या काकू मनापासून रडल्या, पण खिचडी बंद झाली, कारण आता मावशींना काय चालतं ते त्यांना कळेना. एक गृहस्थ शेअरचं विचारायला त्यांच्या दाराशी आले. "तुमच्या लोकांना उपजतच कळतं ना हो हे," म्हणाले. मावशींनी त्यांना चहा दिला आणि पोस्टात ठेवा म्हणून सांगितलं. हे मला त्यांनी हसत हसत सांगितलं. ते त्यांचं मला आठवणारं शेवटचं मोकळं हसू.

कारण त्यानंतर दोनच दिवसांनी त्यांच्या फोनवर ते चित्र आलं. लांब नाकाचा, हात चोळणारा, पृथ्वीवर बसलेला तोच माणूस. खाली एक अक्षर नाही. नंबर अनोळखी. त्यांच्या प्रार्थनाघरातल्या लोकांनी पोलिसांत कळवायला लावलं, तेव्हा तो नंबर कुठल्याशा ॲपवरून घेतलेला निघाला, म्हणजे पाठवणारा कळण्याची आशा नाही. व्हिडिओतून तर चित्र कापलं होतं. ते बघितलं होतं फक्त हॉलमधल्या लोकांनी. आपल्याच माणसांनी.

मावशी कढीलिंब आणायला जाईनाशा झाल्या. मी बरोबर गेले तरी दुकानात कुणी हसून "काय मावशी, कशा आहात?" म्हटलं की त्या माझा दंड धरायच्या. "हा असेल का गं?" असं पुटपुटायच्या. तो माणूस बिचारा दुधीभोपळा निवडत असायचा. पण मग मीही त्याच्याकडे बघत राहायचे. आमच्याच लोकांकडे बघायची माझी नजर त्या महिन्यात बदलली, ती अजून पहिल्यासारखी झालेली नाही. चुकून दाराची बेल वाजली तर मावशी दिवे घालवायच्या, भरदिवसा. शाळेत मुलं विचारायला लागली, व्हेअर इज मावशी? मी सांगायचे, त्यांचे डोळे बरे नाहीत. शेवटी मुलीने प्लेनोहून तिकीटच पाठवलं.

निघायच्या दिवशी विमानतळावर सोडायला कोण येणार, तर अभय. त्याने ऑफिसातून सुट्टी घेतली होती. मी सोडते म्हटलं तर मावशी म्हणाल्या, "राहू दे. नको म्हटलं तर त्याला वाटेल मी त्याच्यावर संशय घेतेय." घेत होत्या का, ते मी विचारलं नाही. त्याने एकट्याने सगळ्या बॅगा खाली नेल्या. मी वर जाऊन घर एकदा बघून आले. चौकटीवरची पट्टी काढलेली होती. मावशींनी जाताना माझ्या हातात कढीलिंबाची कुंडी दिली आणि म्हणाल्या, "रोज पाणी नको घालूस. मरेल."

अभयने गाडीचं पुढचं दार उघडून धरलं. "या, मावशी."

"नको रे, मागे बसते. पाय लांब करते जरा."

त्या मागे बसल्या. त्याने दार लावलं आणि बॅगा रचायला मागच्या डिकीकडे गेला. मी फुटपाथवर उभी होते. काचेतून मला दिसलं, मावशींनी दाराचं हँडल हळूच ओढून बघितलं. दार उघडलं नाही. अभयच्या छोट्या मुलीसाठी त्या बाजूला चाइल्ड लॉक लावलेलं असतं, ते दार आतून उघडत नाही. मावशींनी पुन्हा ओढलं. मग पर्स पोटाशी धरून त्या सीटवरून सरकत सरकत पलीकडे गेल्या, तिकडचं हँडल ओढलं. ते दार फटभर उघडलं. त्यांनी ते आवाज न करता परत लावलं, तिथेच बसल्या आणि पट्टा बांधला.

अभयने गाडी सुरू केली. मावशींनी वळून माझ्याकडे बघितलं आणि हसल्या. त्या दिवशी हॉलमध्ये हसल्या होत्या तशा.